कापायची ती काकडी

१४ मार्च १९९९, रविवार. काम: हंसाबेनचं टेबल रिकामं करणं.

सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात जायची मला हौस नाही. घरी वर्षाचा गहू येऊन पडला होता आणि तो आपोआप निवडला जात नाही. पण शनिवारी संध्याकाळी कुलसचिवांचा फोन आला. सोमवारी अकरा वाजता मुंबईच्या कंत्राटदाराचं कागद कापायचं यंत्र येणार, त्यासाठी खिडकीजवळचं मोठं टेबल मोकळं हवं. ते टेबल हंसाबेनचं. हंसाबेन मागच्या महिन्यात निवृत्त झाल्या. टेबल अजून झालं नव्हतं.

यंत्र कशासाठी, ते आधी सांगते. आमच्या सुरतेच्या विद्यापीठातले पीएच.डी.चे सगळे प्रबंध संगणकात घालायचं काम दोन वर्षांपूर्वी निघालं. प्रत्येक पानाचं स्कॅनरवर चित्र घ्यायचं, ती चित्रं सीडीवर उतरवायची आणि वाचनकक्षातल्या तीन संगणकांवर कुणालाही लेखकाचं नाव किंवा विषय टाकून हवा तो प्रबंध उघडता यावा अशी सोय करायची. कागदोपत्री याचं नाव 'डिजिटल संशोधन भांडार'. हंसाबेन त्याला कोठार म्हणायच्या. त्या प्रबंध विभागाच्या प्रमुख. संगणक माझ्याकडे होता, कारण मी त्याचा कोर्स केला होता आणि बाकीच्यांना त्याच्यावरचं कव्हर काढायचीही भीती वाटायची.

अडचण एकच होती. जाड प्रबंध काचेवर उपडा ठेवला की तो सपाट बसत नाही, आणि आतल्या बाजूचे शब्द शिवणीच्या घळीत जातात. कंत्राटदाराचा उपाय सोपा होता. प्रबंधाचा कणा यंत्राने कापायचा, सुटी पानं भराभर स्कॅनरमधून सोडायची आणि काम झालं की पानं रद्दीत. हंसाबेन होत्या तोवर त्यांनी हे होऊ दिलं नाही. "कापवानी तो काकडी," एवढंच म्हणायच्या. कापायची ती काकडी, प्रबंध नव्हे. विज्ञानाची सगळी कपाटं त्यांनी न कापता कोठारात घातली. कला, वाणिज्य आणि शिक्षणशास्त्र राहिलं. त्यांच्यासाठी आता यंत्र येणार होतं.

हंसाबेन अस्सल सुरती. बांधा आखूड आणि रुंद, चाल झपाट्याची, आणि आवाज असा की वाचनकक्षातली 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्यासाठीच लावली आहे असं विद्यार्थी म्हणत. सुरती माणसाला शिवीशिवाय माया करता येत नाही, त्यात ह्या बाई शाकाहारी, म्हणून त्यांनी सगळ्यांना मिळून एकच सौम्य शिवी ठेवली होती: 'गांडा', म्हणजे वेडा. शिपाई गांडा, विभागप्रमुख गांडा, मी गांडी. ज्याच्यावर रागावल्या असतील त्यालाच त्या 'साहेब' म्हणत. त्यांनी मला 'शोभाबेन' म्हटलं की मी समजायचे, आज काहीतरी चुकलंय. माझ्याशी त्या वाक्य गुजरातीत सुरू करत आणि मराठीत संपवत, तेही त्यांनी स्वतः बनवलेल्या मराठीत.

त्यांनी आयुष्यात एकही प्रबंध पूर्ण वाचला नव्हता, आणि ही गोष्ट त्या न विचारता सांगत. त्या फक्त ऋणनिर्देश वाचायच्या. त्यांचं म्हणणं असं, की बाकीचा प्रबंध मार्गदर्शक लिहायला लावतो, हे एक पान माणूस आपल्या मनाने लिहितो. त्यामुळे साऱ्या विद्यापीठाची घरं त्यांना आतून माहीत होती. बायकोचे आभार आईच्या आधी कुणी मानले, सासऱ्यांचे कुणी विसरले. मार्गदर्शकांना 'पितृतुल्य' म्हटलेलं दिसलं की त्या मान हलवायच्या आणि म्हणायच्या, दोन वर्षं तरी बोलणं बंद असणार. पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक त्यांना जिन्यात बघितलं की उलटे वळायचे. त्यांनी तरुणपणी प्रबंधात एका 'कु.' लावलेल्या बाईंचे 'अखंड प्रेरणेबद्दल' आभार मानले होते आणि नंतर लग्न भलत्याच बाईंशी केलं होतं.

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांच्यासमोर माझाच एम.लिब.चा लघुप्रबंध उघडा होता. पान अर्थातच तेच.

"सासूबाईंनी मोलाचं सहकार्य केलं, असं लिहिलंस. काय सहकार्य केलं?"

मी खरं ते सांगितलं. "त्या दोन वर्षं धुळ्याला राहिल्या."

त्या इतक्या हसल्या की बाहेरचे वाचक उठून बघायला आले. मग म्हणाल्या, "तर मग तसंच लिहायचं ना, गांडी. खोटं कशाला लिहायचं." त्या दिवसापासून माझा चहा त्यांच्या टेबलावर येऊ लागला. हिवाळ्यात त्याच्याबरोबर पोंक आणि लिंबू-मिरीची शेव यायची, आणि तो ज्वारीचा कोवळा हुरडा तोंडात असेपर्यंत त्या कुणाशी कामाचं बोलत नसत.

संगणकाशी त्यांचं वैर नव्हतं. त्याला त्या नव्या सुनेसारखं वागवायच्या. म्हणजे विश्वास टाकायचा नाही, पण आपलं माणूस समजून सगळे रीतीरिवाज तिच्याकडून करून घ्यायचे. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाचं एक गुपित पान असतं. कितवं पान ते ग्रंथालयाने ठरवलेलं असतं आणि त्यावर शिक्का मारायचा असतो, म्हणजे चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते सिद्ध करता येतं. पहिल्यांदा सीडी हातात घेतली तेव्हा हंसाबेननी ती उलटसुलट करून विचारलं, याचं गुपित पान कुठलं. मी म्हटलं, याला पानच नसतं. त्यांना ते पटलं नाही. मी जेवून परत येते तो कोऱ्या सीडींचा अख्खा डबा टेबलावर ओळीने मांडलेला, आणि प्रत्येकीच्या चमकत्या बाजूला जांभळ्या शाईचा गोल शिक्का. मागच्या बाजूला का नाही मारला, असं विचारलं तर म्हणाल्या, तिथला कुणीही पुसेल. एकही सीडी कामाची राहिली नाही. त्यांनी त्या घरी नेल्या आणि कबुतरं पळवायला गॅलरीत टांगल्या. शिक्क्याच्या हिशोबाने ती कबुतरं आता आमच्या विद्यापीठाची आहेत.

कंत्राटदार पहिल्यांदा आला तो सूट घालून, आणि टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीचा कापलेला नमुना घेऊन. हंसाबेननी त्याला चहा दिला, बाकरवडी दिली, घरी कोण कोण असतं विचारलं. नुकतंच लग्न झालंय म्हणाला. मग त्यांनी विचारलं, लग्नाचा आल्बम आहे का. आहे म्हणाला.

"तो घेऊन या, साहेब. आधी तो कापू. नीट झालं तर आमचे प्रबंध देते."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी कमरेला आणखी आत खोचला, आणि तो भला माणूस नमुना पिशवीत घालून गेला.

आता माझं म्हणाल तर मी कापण्याच्या बाजूची होते. काम लवकर झालं असतं, कपाटं रिकामी झाली असती आणि जागेची आम्हाला रड होतीच. हे मी हंसाबेनना स्पष्ट सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मला शांतपणे एक प्रश्न विचारला.

"तुझ्या कोर्समधल्या त्या मोठ्या, पातळ फ्लॉप्या होत्या ना, त्या आता कुठल्या मशीनमध्ये जातात?"

कुठल्याच जात नव्हत्या. आमच्याकडचं शेवटचं तसं मशीन भंगारात गेलं होतं.

"मग ही सीडीपण उद्या कशात जाणार नाही. तेव्हा परत कशावरून उतरवशील? रद्दीवाल्याकडून आणशील?"

 

कुलसचिवांनी शेवटी अट घातली. जानेवारीतल्या दीक्षान्त समारंभाला पाहुण्यांपुढे विज्ञानाचा कुठलाही प्रबंध उघडून दाखवता आला पाहिजे. नाही जमलं, तर सगळी कपाटं कंत्राटदाराकडे. हंसाबेनची निवृत्ती फेब्रुवारीअखेर होती. म्हणजे त्यांच्या हातात ही एकच संधी होती.

आम्ही लागलो. प्रबंध काचेवर दाबून धरायला त्यांनी घरून वेलण आणलं, पोळ्या लाटायचं लाटणं. मग जुन्या साडीच्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरली. वेलण मध्ये, पिशव्या दोन्ही बाजूंना, आणि वरून हंसाबेन. तरीही आतला एक शब्द घळीत राहायचाच. रसायनशास्त्राच्या प्रबंधात एक शब्द राहिला तर काय होतं ते मला माहीत नव्हतं, पण काही चांगलं होत नसावं. दसऱ्याला निम्मंसुद्धा झालं नव्हतं.

पानं उलटायला हात कमी पडत होते. रोजंदारीवर माणसं घ्यायची परवानगी होती, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या मंगलवहिनींना विचारलं. आम्ही सुरतेच्या डिंडोली भागात राहतो, आणि तिथे प्रत्येक दुसऱ्या घरात बायका साड्यांचं काम करतात. बाजारातून गठ्ठे येतात. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कातरीने कापायचे, फॉल लावायचा, घडी घालायची. मंगलवहिनी अमळनेरकडच्या, नवरा डाइंग मिलमध्ये, आणि बोटं अशी की साडीवरून फिरताना दिसायची नाहीत. त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. हंसाबेननी तिघींकडे बघितलं, हात पुढे करायला लावले, तळवे कोरडे आहेत का पाहिलं आणि म्हणाल्या, चालेल.

त्याच दिवशी कुलसचिवांनी आम्हा दोघींना बोलावलं. तिघींना रसायनशास्त्राचा एक गठ्ठा देऊन, वरची धूळ पुसून ठेवा असं सांगून आम्ही गेलो. तासाभराने परत आलो. धूळ उत्तम पुसली होती. गठ्ठ्यातला प्रत्येक प्रबंध पुठ्ठ्यातून निघून टेबलावर सुटा पडला होता.

जुने प्रबंध कडेने भोकं पाडून दोऱ्याने शिवलेले असतात आणि वर पुठ्ठा डकवलेला असतो. खळ वाळली की पुठ्ठा सुटतो आणि दोऱ्याची टोकं बाहेर लोंबतात. ज्या बाईने आयुष्यभर लोंबणारा दोरा दिसला की कापला, तिच्यापुढे आम्ही लोंबणाऱ्या दोऱ्यांचा गठ्ठा ठेवून गेलो होतो. कातरी त्यांच्या गळ्यात अडकवलेल्याच असतात.

"दोरा लोंबी राह्यंता, ताई," मंगलवहिनी म्हणाल्या. "मी कापी टाका." लोंबत होता म्हणून कापून टाकला.

हंसाबेन स्टुलावर बसल्या.  एकही प्रबंध कापू देणार नाही म्हणून ज्यांनी कुलसचिवांशी भांडण घेतलं, त्यांच्याच टेबलावर, त्यांनीच पारखून घेतलेल्या बायकांनी गठ्ठा उसवून ठेवला होता. मी मनात म्हटलं, आता कंत्राटदाराला फोन करायला हरकत नाही.

त्यांनी वरचं एक पान उचललं. चारी कडा पाहिल्या. पान अख्खं होतं, नुसती भोकं रिकामी होती. मग उठून त्यांनी ते काचेवर ठेवलं. वेलण नाही, पिशवी नाही. पान साडीच्या घडीसारखं सपाट बसलं, आणि पडद्यावर पहिल्यांदाच सगळे शब्द दिसले.

"हे परत शिवणार कोण?" त्यांनी विचारलं. विचारलं मला, पण उत्तर दुसरीकडून आलं.

"शिवी दिसूत. त्याच भोकंस्मा सुई घालानी," मंगलवहिनी म्हणाल्या. शिवून देऊ, त्याच भोकांत सुई घालायची, त्यात काय एवढं.

तेव्हापासून काम धावू लागलं. तिघी दोरे कापायच्या, मी पानं उतरवायची, तिघी परत शिवायच्या. ग्रंथालयाचा पांढरा दोरा मागवायचा तर निविदा काढावी लागते, म्हणून मंगलवहिनींनी फॉल लावायचा दोरा आणला. तो सुरतेत पांढरा मिळतो, पण त्यांच्याकडे त्या आठवड्यात राणी रंग चालू होता. मी नाक मुरडलं. हंसाबेनना मात्र त्यात वर्गीकरण दिसलं. रसायनशास्त्र राणी, वनस्पतिशास्त्र पोपटी, पदार्थविज्ञान हळदी. विज्ञानाची आमची कपाटं उघडली की अजूनही लग्नाच्या खरेदीला आल्यासारखं वाटतं.

आणि बायका शिवत असताना हंसाबेन त्यांना ऋणनिर्देश वाचून दाखवायच्या. गुजरातीतले मराठीत करून, इंग्रजीतले मला करायला लावून. एका संशोधकाने पत्नीचे 'मूक सहकार्याबद्दल' आभार मानले होते.

"मुकी व्हती का ती?" मंगलवहिनींनी सुई न थांबवता विचारलं.

"लग्नाआधी नसेल," हंसाबेन म्हणाल्या.

दारात विज्ञानशाखेचे अधिष्ठाता उभे होते. काम कसं चाललंय ते बघायला आले होते. तो प्रबंध त्यांचाच होता. काम छान चाललंय म्हणाले आणि गेले. दोन दिवसांनी त्यांच्या पत्नी घरी केलेल्या सुरती घारीचा, म्हणजे माव्याच्या मिठाईचा डबा घेऊन स्वतः आल्या, हंसाबेनशेजारी बसल्या आणि तासभर बोलत राहिल्या. मूक वगैरे काही नव्हत्या.

दीक्षान्त समारंभ झाला. पाहुण्यांनी एक नाव सांगितलं, मी टाइप केलं, प्रबंध उघडला. पाहुणे दुसरं नाव म्हणाले, तोही उघडला. टाळ्या झाल्या. कुलसचिवांचं एवढ्यावर भागेना, त्यांनी मूळ प्रत मागवली, उघडली, आणि कण्याशी राणी रंगाची शिवण बघून हंसाबेनकडे पाहिलं.

"हे काय?"

"वर्गीकरण, साहेब," हंसाबेन म्हणाल्या.

ते साहेब ऐकून मी समजले, पण कुलसचिव समजले नाहीत. ते खूश होते. इतके खूश की उरलेली सगळी कपाटं जूनच्या आत व्हावीत असं त्यांनी तिथेच पाहुण्यांना सांगून टाकलं. एवढं काम जूनपर्यंत हाताने होणार नाही, म्हणजे यंत्रच येणार, हे हंसाबेनना त्याच वेळी कळलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी पेढा खाल्ला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी निरोपाचं भाषण करू दिलं नाही. किल्ल्या रीतसर माझ्या ताब्यात दिल्या, सही घेतली, वेलण पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, बारडोलीला भावाकडे चालले, महिनाभर ऊस खाईन. मी बसस्टँडपर्यंत गेले. गाडी लागलेली होती. त्या खिडकीशी बसल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन मला जवळ बोलावलं.

"मशीन येणार. पंधरा दिवस काढतील, मग आणतील. कापू देऊ नको असं मी तुला नाही सांगणार. मी आता कोण? तू डोक्याने चालणारी बाई आहेस, तुला बरोबर वाटेल ते कर."

मी म्हटलं, "हंसाबेन, तुमच्यामुळे मी..."

"आभार नको मानू," त्या म्हणाल्या. "तुला खोटं लिहायची सवय आहे."

गाडी हलली. वळणावर मला एवढंच दिसलं, की त्या पुढे वाकून कंडक्टरला काहीतरी ऐकवत होत्या आणि तो कंडक्टर हसत होता. म्हणजे तो गांडा झाला होता. चांगला माणूस असावा.

तर रविवारी मी ते टेबल रिकामं केलं. वाळूच्या पिशव्या, जांभळ्या शाईचं पॅड, शेवेचा रिकामा डबा, सगळं खोक्यात भरलं. दोऱ्याची रिळं तेवढी बाजूला काढली. टेबल ओल्या फडक्याने पुसलं. पुसल्यावर लक्षात आलं की ते चांगलं लांब आहे. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन बायका आरामात बसतील. रोजंदारीची परवानगी मार्चअखेरपर्यंत होती, ती कुणी रद्द केली नव्हती. घरी जाताना मी मंगलवहिनींच्या दारात थांबले. गहू तसाच राहिला.

सोमवारी सकाळी साडेसातला आम्ही सात जणी दोन रिक्षांतून ग्रंथालयात पोचलो. मी कलाशाखेचं पहिलं कपाट उघडलं आणि किल्ल्या कमरेला खोचल्या. कलाशाखेचा रंग हंसाबेननी ठरवलेला नव्हता. मी मोरपंखी ठरवला. अकरा वाजता टेम्पो आला. यंत्राबरोबर आलेल्या माणसाने दारातून आत पाहिलं. टेबलभर उसवलेली पानं होती आणि सहा सुया चालू होत्या. त्याने विचारलं, मशीन ठेवायचं कुठे.

टेबल मोकळं नाही असं कुलसचिवांना जाऊन सांगा म्हणून मी त्याला सांगितलं, स्टूल ओढून घेतलं, वरचा प्रबंध उघडला आणि ऋणनिर्देश मोठ्याने वाचायला सुरुवात केली.